‘वाया’च्या रकान्यातली खिडकी

मी थोडक्यात सांगतो. माझी जातच थोडक्याची आहे. मी स्टॉपवॉच. मुठीत मावणारा, पोलादी पाठीचा, डोक्यावर एक बटण असलेला. भिंतीवरचं घड्याळ किती वाजले ते सांगतं आणि मी किती वेळ लागला ते सांगतो. ऐकायला फरक फारसा नाही, पण भोगायला आहे. त्याच्याकडे माणसं आशेनं बघतात, सुटायला किती राहिलं म्हणून. माझ्याकडे बघताना त्यांच्या कपाळाला आठी पडते.

आधीच कबूल करून टाकतो की मी जळका आहे. नंतर कुणी शोधून काढण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

माझी केसाएवढी स्प्रिंग ज्या बाईनं चिमट्यानं बसवली, ती दर चार घड्याळांनंतर हात पुसून दारात जाऊन उभी राहायची. काही करायची नाही. नुसती उभी. मग येऊन पाचवं घड्याळ हातात घ्यायची. मी पाचवा होतो. माझ्या शेजारच्या बाकावरचा कारागीर दारात जात नसे, वाकून एकसारखा काम करी. त्याची घड्याळं महिन्याभरात परत येत. माझा काटा आजवर अर्ध्या सेकंदानंही चुकलेला नाही. यातून काय ते तेव्हाच समजायला हवं होतं. पण मला एवढंच आठवतं की माझ्या जन्माच्या वेळीसुद्धा ती बाई माझ्याकडे कमी आणि दाराकडे जास्त बघत होती.

दुकानाच्या कपाटात वर्षभर पडून होतो. नंतर एका औषधाच्या कारखान्यानं मला विकत घेतलं आणि एका माणसाच्या हाती दिलं. त्याचं काम म्हणजे दुसऱ्यांची कामं मोजायचं. कुठल्या कामाला किती सेकंद लागतात ते बघायचं, कागदावर लिहायचं आणि तो कागद वर पाठवायचा. कामगार त्याला पाठीमागे सेकंदराव म्हणत. पुढे पुढे तोंडावरही म्हणू लागले आणि तो ओ देऊ लागला.

सेकंदराव माणूस वाईट नव्हता. आकडा कधी फिरवला नाही त्यानं, कुणाच्या सांगण्यावरून नाही की कुणाच्या भीतीनं नाही. पण मोजणं त्याच्या हाडात शिरलं होतं. घरी बायको म्हणायची, “जेवताना तरी ते खिशात ठेवा. भाकरी उलटली की बोट दाबताय.” तो ओशाळून मला खिशात टाकायचा आणि खिशातल्या खिशात दाबायचा.

त्याला जाड भिंगांचा चष्मा होता. हे मुद्दाम सांगतो, कारण मी जग बघितलं ते त्या चष्म्यात. माझा चेहरा कायम त्याच्याकडे, पाठ कायम जगाकडे. समोर कोण काय करतंय ते मला त्याच्या भिंगांवर दिसे, बारीक आणि दोनदा.

नऊ वर्षांपूर्वी त्या दोन भिंगांत मला घार दिसली.

घार म्हणजे तपासणीच्या खोलीतली सगळ्यात जुनी बाई. इंजेक्शनच्या बाटल्या भरून, बूच लावून तिच्यापुढे येत. एक बाटली उचलायची, हलकेच फिरवायची, दिव्याखाली काळ्या पडद्यापुढे पाच सेकंद धरायची, मग पांढऱ्यापुढे पाच सेकंद. काळ्यावर पांढरं दिसतं, पांढऱ्यावर काळं. एखादा तंतू, कण, काचेची कपची दिसली की बाटली बाद. ठेवायची, दुसरी घ्यायची. तेरा सेकंदांना एक. दुसऱ्यांना न दिसणारा तंतू तिला दिसे, म्हणून ती घार. तिच्या शेजारच्या बाकावर तिची धाकटी जाऊ बसे. घरी एक चूल, इथे एक भिंत. खोलीत अशा सहा जणी होत्या.

आणि घारीच्या समोर खिडकी होती.

दर चाळीस बाटल्यांनंतर घार मान वर करी आणि खिडकीबाहेर बघे, तिचं बघून बाकीच्याही. चाळीस सेकंद. कधी अडतीस, कधी बेचाळीस. बाहेर काय होतं ते मला दिसत नसे. भिंगांत खिडकीचे नखाएवढे दोन उजळ चौकोन तेवढे चमकत. कानांवर येई त्यावरून एवढं कळलं की तिथे मोकळं मैदान आहे आणि गाडी शिकवणाऱ्या कुणीतरी तिथे पिंपं मांडून ठेवलीत. शिकाऊ माणसानं त्या पिंपांमधून गाडी मागे घ्यायची.

“जाऊबाई, आज लाल गाडी आहे,” धाकटी म्हणायची.

“हा पाडणार बघ. खांदे कसे कानांपर्यंत नेलेत.”

“नाही पाडणार. मिशीवाला आहे, वयस्कर दिसतोय.”

“मिशीनं गाडी मागे जाते होय?”

बाहेर पिंप धडाडून पडायचं. दोघी हसायच्या. घार पुन्हा बाटली उचलायची आणि दुसऱ्या-तिसऱ्या बाटलीलाच म्हणायची, “ही बाजूला ठेव. तंतू आहे.”

हे सगळं मी ऐकत होतो. कानाआड मात्र केलं, कारण तेव्हा माझा काटा दुसऱ्याच कामात होता. सेकंदरावाच्या तक्त्यावर चार रकाने होते. काळं, पांढरं, हाताळणी आणि वाया. घारीची मान वर झाली की त्याचा अंगठा पडे आणि मी धावू लागे. मान खाली आली की पुन्हा अंगठा. ते चाळीस सेकंद चौथ्या रकान्यात.

आता माझी बाजू ऐका. मी पोलादाचा, अचूक, एका बाईनं जीव लावून घडवलेला. नऊ वर्षं त्या खोलीत रोज जात होतो. घारीनं मला किती वेळा बघितलं असेल? आत येताना एक तिरकी नजर, जाताना एक. आणि ती खिडकी, जिला ना काटा ना चावी, चार लाकडाच्या पट्ट्या आणि एक काच, तिला दिवसातून पंचेचाळीस वेळा चाळीस सेकंद. तेही डोळे सैल सोडून, ओठांच्या कोपऱ्यात हसू ठेवून. माणूस आपल्या माणसाकडे बघतो तसं. चाळीस गुणिले पंचेचाळीस किती होतात? अर्धा तास. रोज अर्धा तास ती बाई त्या काचेला देत होती आणि तो मोजायचं काम माझ्याकडे होतं. सवतीचं पान वाढायला लावावं तसं.

म्हणून जेव्हा वरून विचारणा झाली की तपासणीच्या खोलीत वेळ कुठे जातो, तेव्हा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. खोटं कशाला बोलू.

सेकंदरावाचा कागद वर गेला. सहा जणी, प्रत्येकी अर्धा तास, दिवसाचे तीन तास वाया. त्या कागदावर बैठक बसली. सेकंदरावाच्या खिशात मीही होतो. बैठक किती वेळ चालली ते सांगता येणार नाही, कारण तिथे माझं बटण दाबायचं कुणाला सुचलं नाही. चहा तीनदा आला एवढं ऐकलं. कामगारांचा वेळ कसा वाया जातो यावर कारखान्यातली सगळ्यात वरची सात माणसं सकाळपासून दुपारपर्यंत बोलत होती, आणि त्यातल्या एकालाही यात काही वावगं वाटलं नाही.

“खिडकी बुजवून टाका,” मॅनेजर म्हणाले.

“वीटकाम काढलं तर धूळ होईल. खोली आठ दिवस बंद ठेवावी लागेल,” कुणीतरी म्हणालं.

“मग काच रंगवा आतून. उजेड येईल, बाहेरचं दिसणार नाही,” मॅनेजरनी तोड काढली.

“पांढरा रंग द्यायचा की दुधी?”

पांढरा की दुधी यावर तिसरा चहा झाला. दुधी ठरला.

रंगारी आला. त्यानं एक हात दिला आणि तो वाळेपर्यंत बाहेर जाऊन मैदानावरच्या गाड्या बघत बसला. मग दुसरा हात दिला. त्याच्यावर कुणी घड्याळ लावलं नाही. सेकंदरावाच्या भिंगांतले ते दोन उजळ चौकोन माझ्या डोळ्यांदेखत मिटले. सवतीचे डोळे झाकल्यासारखं वाटलं मला. वाटलं, आता तरी ही बाई कुणाकडे बघेल? समोर मीच आहे.

ती माझ्याकडे बघेना.

चाळीस बाटल्या झाल्या की तिची मान सवयीनं वर जाई. समोर दुधी रंग. एक-दोन सेकंद त्या रंगाकडे बघे आणि मान खाली. बाहेर पिंप पडल्याचा आवाज येई. धाकटी विचारायची, “कोणतं पडलं असेल हो?”

“डावीकडचं. उजवीकडचं पडलं तर घरंगळतं,” घार बाटलीवरची नजर न काढता सांगायची.

बाटल्यांचा आकडा वाढला. मॅनेजरना कुठल्याशा समारंभात ढाल मिळाली, उत्तम विभागाची. ती त्यांच्या खोलीत कपाटावर ठेवली गेली. तिच्यावरचं कापड काढताना टाळ्या वाजल्या, त्या मी खिशातून ऐकल्या.

पण माणसाचा वेळ म्हणजे पाणीच. इथून अडवलं की तिथून वाट काढतं. बायका पाणी प्यायला जास्त उठू लागल्या. संडासाकडे दोघी दोघी जाऊ लागल्या. वरून हुकूम आला की सेकंदरावानं बोळात उभं राहून तेही मोजावं. बायकांच्या संडासाच्या बोळात हातात घड्याळ घेऊन उभा राहिलेला पन्नाशीचा गृहस्थ तुम्ही कधी बघितलाय? मी त्याच्या हातात होतो. माझी पाठ भिंतीकडे असती आणि भिंगांत नुसती भिंत दिसली असती तर बरं झालं असतं.

घार पाण्याचा पेला भरत त्याच्यापाशी थांबली. “राव, किती घोट प्यायचं तेवढं लिहून द्या. उगीच एखादा जास्त व्हायला नको.”

सेकंदरावानं मला पाठीमागे लपवलं. त्याचा अंगठा घामानं निसटत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं वर जाऊन सांगितलं, “हे मला जमायचं नाही.” त्याला खाली पाठवलं गेलं, पुन्हा बाटल्यांच्या खोलीत.

तिथे काहीतरी बिघडत चाललं होतं. घार दुपारनंतर नाकाच्या मुळाशी, दोन डोळ्यांच्या मधे, चिमटा धरून बसू लागली. बाटली काळ्यापुढे पाच सेकंदच धरायची, पण त्या पाचात बघायची किती, ते तिलाच ठाऊक.

“काल सुईत दोरा ओवायला माझ्या लेकीला हाक मारलीत,” धाकटी हळूच म्हणाली. “तुम्ही. सुईला.”

“दिवा मंद होता.”

“दिवा नेहमीचाच होता, जाऊबाई.”

घारीनं पुढची बाटली उचलली.

आणि मग ती बाटली परत आली. कुठल्याशा इस्पितळात एका नर्सनं इंजेक्शन भरण्याआधी बाटली उजेडाकडे धरली. खिडकीकडेच धरली असणार, दुसरीकडे कुठे धरणार. आत काचेची बारीक कपची चमकत होती. इंजेक्शन दिलं गेलं नाही, कुणाला काही झालं नाही, ते त्या नर्सचे उपकार. पण खोका परत आला आणि खोक्यातल्या चिठ्ठीवर तपासणाऱ्याचा क्रमांक होता. नऊ. घारीचा.

निरोप आला की उद्या अकराला वर यावं. वर बोलावणं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. आदल्या वर्षी खोके बांधणारी एक जण अशीच वर गेली होती. खाली आली ती फक्त कामाचा अंगरखा परत करायला.

“सांगा की डोळे दुखत होते,” धाकटी घायकुतीला येऊन म्हणाली. “खरंच दुखतात ना.”

“डोळे दुखतात म्हटलं की डोळ्यांसाठी काढतील. नाही म्हटलं तर कपचीसाठी काढतील.”

“मग काय करणार?”

“जाऊन उभी राहणार. एकोणीस वर्षं बसून होते, थोडी उभी राहीन.” मग जरा थांबून म्हणाली, “कामाचं जाऊ दे. पण ती कपची नर्सला दिसली आणि मला दिसली नाही. मला.”

तिनं हातातली बाटली ठेवली आणि तीच पुन्हा उचलून दिव्याखाली धरली. भिंगांत ती मला दोनदा दिसली. मी स्वतःलाच म्हणालो, हे तुझ्यामुळे. दुसरं कुणी म्हणणारं नव्हतंच.

वरची बैठकीची खोली मी तोवर खिशातूनच ऐकली होती. त्या दिवशी सेकंदरावानं मला हातात धरलं होतं, कारण त्याला आकडे सांगायचे होते. त्याच्या भिंगांत बघतो तर काय, तिथे खिडकी. एक नव्हे, भिंतभर. रंग नाही, पडदा नाही. खालच्या खोलीतून दिसणारं मैदान तिथून पूर्ण दिसत असणार, कारण पिंपांचा आवाजही तिथे जास्त स्वच्छ येत होता.

लांब टेबलाच्या एका टोकाला मोठे साहेब, शेजारी मॅनेजर. दुसऱ्या टोकाला घार उभी. सेकंदराव मधे, तक्त्यांची जुनी फाइल मांडीवर आणि मी मुठीत.

“बाटलीत काच होती. तुमच्या हाताखालून गेली. मान्य?” मॅनेजरनी विचारलं.

“मान्य.”

“कशी गेली?”

“दिसली नाही.”

“एकोणीस वर्षं दिसत होती, आणि आताच कशी नाही दिसली?”

“एकोणीस वर्षं खिडकी होती.”

मॅनेजर हसले. “बाटली टेबलावर, खिडकी समोर. तुम्ही बाटली बघायची की खिडकी?”

“बाटलीच बघायची असते, साहेब. पण सारखं जवळ बघून नजर गोठते. बाटलीतलं पाणी, काच, उजेड, सगळं एकच दिसायला लागतं. लांब बघितलं की ती सुटते. स्वयंपाक करणारी बाईसुद्धा चव घ्यायच्या आधी पाणी पिते.”

“ही सगळी निमित्तं झाली,” मॅनेजर म्हणाले आणि मग बोलतच राहिले. शिस्त, जबाबदारी, ढाल, कारखान्याचं नाव. घार मान ताठ ठेवून ऐकत होती. आणि मोठे साहेब, ज्यांच्या एका शब्दावर तिचं काम राहायचं की जायचं ते ठरणार होतं, त्यांनी हळूच मान वळवली आणि खिडकीबाहेर बघू लागले.

सेकंदरावाचा अंगठा पडला.

त्यानं ठरवून केलं असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. मी त्याच्या मुठीत होतो, मला माहीत आहे. नऊ वर्षांची सवय. समोर कुणाची मान खिडकीकडे वळली की अंगठा पडणार. मान कुणाची आहे ते अंगठ्याला कळत नाही. मी धावू लागलो.

बाहेर गाडीचा घरघराट झाला, थांबला, पुन्हा झाला. पिंप धडाडलं. साहेबांच्या ओठांचा कोपरा हलला. मॅनेजर बोलत होते. माझा मिनिटांचा छोटा काटा एकावर गेला, दोनावर गेला, तिनावर गेला. साहेबांची मान परत फिरली. अंगठा पडला.

साहेब खाकरले. “मूळ मुद्दा हा की ही बाई किती वेळ बाहेर बघायची? मला मोघम नको. आकडा सांगा.”

सेकंदराव दचकला. आकडा विचारला की तो माझ्याकडे बघे, तसा बघितला आणि वाचला. “तीन मिनिटं बावन्न सेकंद.”

“एका वेळी?” मॅनेजर पुढे झुकले. “तुमच्या तक्त्यात तर चाळीस सेकंद आहेत.”

सेकंदरावाच्या भिंगांना वाफ आली. सोपी वाट समोर होती. चूक झाली, चाळीस सेकंद, एवढं म्हटलं की संपलं. पण आकडा फिरवणं त्याला येत नव्हतं, हे मी आधीच सांगितलंय.

“तक्त्यातले चाळीसच आहेत,” तो म्हणाला. “हे आत्ताचं आहे.”

“आत्ताचं? ती तर कधीची आपल्याकडे बघतेय.”

“ती नाही.” त्यानं चष्मा पुसून पुन्हा चढवला. “साहेब.”

मॅनेजर टेबलावरचा कागद सरळ करू लागले, तो सरळच होता. आणि घार, जिला एवीतेवी जायचंच होतं, ती अगदी घरच्या माणसाला विचारावं तशी म्हणाली, “मग, बरं वाटलं का डोळ्यांना?”

मोठे साहेब तिच्याकडे बघत राहिले. रागावले असते तर समजण्यासारखं होतं. पण मोठ्या माणसालाही पकडलं गेल्यावर एखाद्या वेळी खरं बोलावंसं वाटतं.

“त्या पोरानं तिसऱ्यांदा पिंप पाडलं,” ते म्हणाले.

“सकाळपासून पाचवं,” घार म्हणाली. “आता आवाजावरूनच मोजते.”

तेवढ्यात सेकंदरावानं मांडीवरची फाइल टेबलावर ठेवली. “साहेब, अजून एक आहे. बाद बाटली निघाली की मी तक्त्यावर टिंब देतो. सवय म्हणून. काल रात्रभर बघत बसलो. रंग द्यायच्या आधीचे तक्ते बघा. बहुतेक टिंबं ‘वाया’च्या लगेच खाली आहेत. बाहेर बघून आली की पहिल्या दहा-बारा बाटल्यांत ती पकडायची. रंग दिल्यानंतरचे बघा. टिंबंच कमी झालीत. बाटल्या चांगल्या झाल्या म्हणून नव्हे.”

साहेबांनी दोन तक्ते शेजारी ठेवून बघितले. “हे तुमच्याच हातचं आहे. नऊ वर्षांचं. तुम्हाला दिसलं नाही?”

“नाही साहेब,” सेकंदराव म्हणाला. “मी कधी वर बघितलंच नाही.”

घार खाली आली ती अंगरख्यासकट. धाकटीनं काही न विचारता तिच्या हातावर हात ठेवला, आणि दोघी बाटल्यांपुढे बसल्या. दोन दिवसांनी तोच रंगारी पत्र्याची पट्टी घेऊन आला आणि काच खरवडू लागला. घारीच्या फायलीत ताकीद मात्र राहिली. कुणीतरी चुकलं होतं असं कागदावर असावं लागतं, आणि त्या जागी साहेबांचं नाव कधीच बसत नाही. काच रंगवायला सांगणाऱ्या मॅनेजरांची ढाल अजून कपाटावर आहे. सेकंदरावाला सामानाच्या कोठारात पाठवलं. तिथे मोजायचं तर खोके मोजायचे, आणि खोके मान वर करत नाहीत. जाताना त्यानं मला रुमालानं पुसलं. एकदा चालू केलं, बंद केलं, आणि घारीच्या हाती दिलं.

कारण खिडकी परत दिली तरी ती फुकट द्यायला वरच्यांचा जीव झाला नाही. नियम निघाला की प्रत्येक तपासणाऱ्यानं दर वीस मिनिटांनी एक मिनिट लांब बघावं. कमी नाही, जास्त नाही, आणि ते घड्याळ लावून. जो वेळ घार आपसूक घेत होती, तो आता हुकमानं घेते. वर्तमानपत्रांत यालाच सुधारणा म्हणत असतील.

त्यासाठी मी इथे आहे, खिडकीच्या चौकटीत मारलेल्या खिळ्यावर. शेजारी कोण, तर तीच. जिच्यावर नऊ वर्षं जळलो तिच्या खांद्याला खांदा लावून दिवसभर टांगलेला. तिला वारा लागतो, ऊन लागतं, तिच्यावर पावसाचे थेंब ओघळतात. मला चावी लागते.

वीस मिनिटं झाली की घार उठते, माझं बटण दाबते. अंगठा ऊबदार असतो तिचा. त्या क्षणी ती माझ्याकडे बघते, काटा हलला की नाही तेवढं. एक सेकंद. मग तिची नजर माझ्या कडेवरून पुढे जाते. उरलेले एकोणसाठ तिचे.

आता मधे चष्मा नाही. ती समोरासमोर दिसते. तिच्या डोळ्यांत खिडकी पडलेली असते, मोहरीएवढी. त्यात कधी लाल ठिपका हलतो, तो थांबतो, मागे येतो. पाठीमागून धडाड आवाज होतो, आणि तिचा अख्खा चेहरा सैल होतो. सुईत दोरा ती आता स्वतःच ओवते, धाकटी परवा सांगत होती.

मी मात्र अजून ते मैदान बघितलेलं नाही. माझी पाठ काचेकडे आहे. तबकडी खोलीकडे ठेवावी लागते, नाहीतर वाचणार कशी?

म्हणून तुमच्यापैकी कुणी त्या खोलीत आलंच तर एक करा. मला खिळ्यावरून काढा आणि उलटा टांगा. चेहरा बाहेर, पाठ आत. मग मी कुणाच्या उपयोगाचा राहणार नाही, ठाऊक आहे. बटण दाबून द्या आणि जा आपल्या कामाला. चावी संपेपर्यंत मी धावेन, पिंपं बघेन, मिशीवाला आला तर त्याचे खांदे बघेन. किती वेळ बघितलं ते कुणाला दिसणार नाही.

आणि तो वेळ कुठल्याच रकान्यात लिहू नका.